पोचपावती

"काकू, हात माझ्याकडे द्या."

"दिला की."

"नाही दिला अजून."

रविवार सोडून रोज सकाळी साडेदहाला आमचा हा संवाद व्हायचा. मी रेक्झिनच्या टेबलावर उताणी, वरच्या पंख्याकडे बघत पडलेली. फिजिओची पोरगी, म्हणजे डॉक्टरच ती, पण माझ्या सुनेपेक्षाही लहान, माझं मनगट एका हातात आणि कोपर दुसऱ्या हातात धरून उभी. हात तिनं उचलायचा, तिनंच खाली आणायचा. मी काही करायचं नाही. साठ वर्षांत इतकं सोपं काम मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तेच जमेना.

चौथ्या दिवशी तिनं उजवा हात परत पट्ट्यात ठेवला आणि माझा डावा, धडधाकट हात तसाच धरून उचलला. टेबलापासून वीतभर वर नेला आणि काही न सांगता आपले दोन्ही हात काढून घेतले. माझा हात तिथंच राहिला. भिंतीला खुंटी ठोकावी तसा, हवेत.

"बघा. हा तर चांगला हात आहे. हाही तुम्ही देत नाही."

मला आधी हसू आलं, मग जरा रागही आला. चौतीस वर्षं मी पोस्टाच्या काउंटरवर बसले. लोकांनी द्यायचं आणि मी घ्यायचं, असाच व्यवहार. मनीऑर्डरी, रजिस्टर पत्रं, राखीची जाडजूड पाकिटं, आरडीची पुस्तकं. कुणी काही पुढं सरकवलं की मी तोलून, शिक्का मारून, पावती फाडून देणार. पावतीशिवाय वस्तू दुसऱ्याच्या हाती सोडायची नाही हे अंगात मुरलेलं. आणि ही पोरगी माझा उजवा हात बिनपावतीचा मागत होती.

झालं होतं ते असं. सांगलीत गावभागात आमचं जुनं घर. परसात उतरायच्या तीन दगडी पायऱ्या पावसाळ्यात शेवाळतात. दरवर्षी त्यांच्यावर ब्लीचिंग पावडर टाकते, गेल्या वर्षी राहिलं. जुलैत धुण्याची बादली घेऊन उतरताना घसरले आणि पडता पडता उजवा हात मागं टेकला. हाड मोडलं नाही म्हणून खुशीत होते. पंधरा दिवस तेल लावलं, शेकलं. पण हात पुढं करून चहाचा कप उचलता येईना, आणि रात्री त्या कुशीवर वळलं की डोळ्यांपुढं काजवे. आमच्या भागात दुखणं हटेना झालं की 'मिरजेला न्या' म्हणतात. वॉनलेस डॉक्टरांनी तिथं १८९४ साली इस्पितळ काढलं तेव्हापासूनची ही रीत असावी. मलाही मिरजेला नेलं. एमआरआयमध्ये दिसलं की खांद्यावरून जाणारा एक स्नायू हाडापासून सुटून आला आहे. सुप्रास्पायनॅटस त्याचं नाव. ते उच्चारायला मला दोन दिवस लागले.

"पडल्यानं तुटला खरा," सर्जन म्हणाले, "पण आधीच झिजलेला असणार. या वयात असतोच." मला लगेच चौतीस वर्षं याच हातानं मारलेला तारीखशिक्का आठवला. खरंखोटं देव जाणे.

खांदा म्हणजे उखळात मुसळ, अशी माझी समजूत होती. ती खुब्याची गोष्ट. खांद्याला उखळ नाहीच. शाळेतल्या शर्यतीतला लिंबू-चमचा आठवा. लिंबू मोठं, चमचा उथळ. म्हणून तर हात पुढं, मागं, वर, गोल, सगळीकडं फिरतो. अंगातला दुसरा कुठलाही सांधा एवढा फिरत नाही. आणि म्हणूनच ते लिंबू चमच्यावर टिकवायला चार स्नायू सतत ओढ लावून बसलेले असतात, पुढून एक, वरून एक, मागून दोन. चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. माझा वरचा गेला होता. ऑगस्टच्या मध्यावर दुर्बिणीनं ऑपरेशन झालं. चार छिद्रं पाडून, हाडात बारीक अँकर रोवून, दोऱ्यानं तो स्नायू जागेवर बांधला. मानेत इंजेक्शन देऊन हात बधिर केला होता. शुद्धीत आल्यावर डाव्या हातानं चाचपलं तर कुणा परक्याचा हात माझ्या पांघरुणात येऊन झोपलाय असं वाटलं. पहाटे तीनला तो पुन्हा माझा झाला. ती ओळख पटण्याची रीत काही चांगली नव्हती.

यातली खरी मेख मला नंतर कळली. दोरा फक्त धरून ठेवतो, जोडत नाही. स्नायूनं हाडाला पुन्हा धरायचं ते आपल्या गतीनं, त्याला बारा आठवडे तरी द्यावे लागतात. तोवर त्या स्नायूवर जोर आला तर टाका सुटायचा. पण सांधा अगदीच गप्प ठेवला तर तो आखडतो, आणि आखडलेला खांदा सोडवणं हे दुसरंच दुखणं. म्हणजे हात हलला पाहिजे, पण मी हलवता कामा नये. सहा आठवडे हात बगलेत उशी घेऊन पट्ट्यात, आणि दिवसातून ठरल्या वेळी तो दुसऱ्याच्या स्वाधीन करायचा.

घरी करायचा व्यायामही याच जातीचा. डावा हात टेबलावर टेकवून कमरेत वाकायचं, उजवा हात खाली लोंबता सोडायचा आणि अंग हलकेच पुढंमागं झुलवायचं. अंग झुलतं म्हणून हात झुलतो, घड्याळाच्या लंबकासारखा. मला वाटायचं, छान जमतंय, चांगले मोठाले गोल होतायत. पोरगी आली, खांद्याच्या गोलाईवर दोन बोटं ठेवली. "काकू, तुम्ही हलवताय." कसं कळलं विचारलं, तर माझीच बोटं तिथं ठेवून म्हणाली, आता बघा. कातडीखाली काहीतरी दगडासारखं टणक होत होतं. मला त्याचा पत्ताच नव्हता. आपलं अंग आपल्या नकळत पहारा देत बसतं, आणि 'पहारा सोड' म्हणून सांगितलं की जास्तच जागं होतं.

त्या सहा आठवड्यांत बाकी जे सोडून द्यावं लागलं ते सांगण्यासारखं आहे, पण थोडक्यात सांगते. साडी बंद, पुढून बटणांचे गाऊन. ह्यांनी माझी वेणी घालायला घेतली. हे एसटीत कंडक्टर होते, रिबिनीऐवजी सुतळी असती तर बरं असं त्यांचं मत. परकराच्या नाडीला त्यांनी पहिल्या दिवशी अशी गाठ मारली की ती सोडवायला शेजारच्या वहिनींना हाक मारावी लागली. आतल्या कपड्याचं हूक लावताना दोघंही इकडंतिकडं बघायचो, लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी. गणपतीत आरतीचं तबक डाव्या हातात घेतलं, तेव्हा चुलत सासूबाईंनी डोळे वटारले. मोदक सुनेनं केले, पाकळ्या मोजक्याच. रात्री आडवं झोपता येत नव्हतं, आरामखुर्चीत उशांच्या आधारानं बसून झोपायचं. झोपायचं कसलं, रात्र काढायची.

सल्ल्यांना तोटा नव्हता. अमक्याच्या मालिशवाल्याला बोलावा, एका चोळण्यात खांदा मोकळा करतो. तमका हाडवैद्य हात ओढून जागेवर बसवतो. टाके घातलेला खांदा कुणी ओढून बसवला असता तर परत मिरजेलाच जावं लागलं असतं. मी कुणाचं ऐकलं नाही, त्याला एक कारण आमच्याच घरात होतं. माझ्या थोरल्या नणंदेला लहानपणी पोलिओ झाला. सासूबाई सांगायच्या, वर्षभर तेलानं पाय चोळला, अंगारे लावले, पण तो पाय कसा वापरायचा हे पोरीला शिकवणारं कुणी भेटलं नाही. आपल्या देशात ही विद्या आली तीच पोलिओच्या साथींमुळं. मुंबईला केईएममध्ये १९५२ साली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. नणंदबाईंचा जन्म त्यानंतरचा. पण मुंबईची विद्या सांगलीपर्यंत यायला टपालापेक्षा जास्त दिवस लागतात.

शेजारचा मुलगा धीर द्यायला म्हणाला, "काकी, सचिनचाबी झाला हुता की खांदा. मार्च २००६ ला लंडनला ऑपरेशन, सप्टेंबरात क्वालालंपूरला नाबाद १४१." मी म्हटलं, बाबा, त्याला वेणी घालायची नव्हती.

हात द्यायचा तो शेवटी कसा दिला, ते सांगते. पोरीनं सगळं करून पाहिलं. श्वास सोडा, डोळे मिटा, शंभरपासून उलटे आकडे म्हणा. उलटे आकडे मी मनीऑर्डरीची रोकड मोजावी तसे घडाघड म्हटले, हात दगडच. मग बोलता बोलता तिला कळलं की मी पोस्टात होते. "मग पिनकोड पाठ असतील तुम्हाला?" तिनं सहज विचारलं. आता हा प्रश्न झाला का? १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाले, मी चिकटले तेव्हा जुने लोक अजून नाकं मुरडायचे. नवीन पोरांना तर ते तोंडपाठच करावे लागायचे. "सांगा, तासगाव?" ४१६३१२. "विटा?" ४१५३११. "जत?" ४१६४०४. "इस्लामपूर?" ४१५४०९, त्याच्याआधी कराड घ्या, ४१५११०. "पंढरपूर?" ४१३३०४, तिथं रांग वेगळी, पुणे रीजनचं... मी तिला पहिला आकडा विभागाचा, तिसरा सॉर्टिंगच्या जिल्ह्याचा असं समजावून सांगत होते, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच दिसलं. माझा उजवा हात माझ्या कानाजवळ होता. तो तिथं कधी गेला मला कळलं नव्हतं.

लक्षात आल्याबरोबर मी तो घट्ट केला आणि कळ मस्तकात गेली. पण एकदा गेला होता, हे दोघींनी पाहिलं होतं. त्यानंतर रोज साडेदहाला आम्ही महाराष्ट्रभर फिरायचो. ती हात उचलताना गावाचं नाव घ्यायची. एकदा तिनं मुद्दाम नसलेलं गाव सांगितलं, तर मी टेबलावर उठून बसायला निघाले.

आरामखुर्चीतल्या रात्री मोबाइलवर वाचण्यात गेल्या. तो लंबकाचा व्यायाम कॉडमन नावाच्या बॉस्टनच्या सर्जनच्या नावानं ओळखला जातो हे तिथं कळलं. 'फ्रोझन शोल्डर' हे नावही त्यांनीच १९३४ साली दिलेलं. पण खांद्यापेक्षा मला त्या माणसाचं दुसरंच वेड आवडलं. प्रत्येक रोग्याचं कार्ड ठेवायचं आणि ऑपरेशननंतर निदान एक वर्षानं त्याला गाठून विचारायचं, काय झालं? उपयोग झाला का? नसेल तर का नाही? ही चौकशी सगळ्या सर्जननी करावी आणि निकाल उघड करावा असं ते म्हणू लागले, तसे सहकाऱ्यांच्या डोळ्यांवर आले. १९१४ साली त्यांनी मोठ्या इस्पितळातली जागा सोडली. स्वतःचा छोटा दवाखाना आधीच काढलेला होता. १९११ ते १९१६ मध्ये तिथून घरी गेलेल्या ३३७ रोग्यांच्या उपचारात झालेल्या १२३ चुका त्यांनी स्वतःच छापून टाकल्या. पहाटे चारला हे वाचताना मी खुर्चीत सरळ झाले. अहो, ही तर पोचपावती! रजिस्टर पत्राला जोडलेलं ते कार्ड. पत्र ज्याला मिळालं त्याची सही घेऊन पाठवणाऱ्याकडं परत जायचं. पाठवलं म्हणजे पोचलं, असं पोस्टातसुद्धा कुणी धरत नाही. मग शिवलं म्हणजे बरं झालं, असं कसं धरायचं?

पट्टा निघाला आणि खरी मेहनत सुरू झाली. आता हात मीच उचलायचा, आधी दुसऱ्याच्या मदतीनं, मग एकट्यानं. पोरगी म्हणाली, काठी आणा, हलकी, गुळगुळीत. मी घरून आणली ती कपडे दोरीवर टाकायची काठी. उताणं पडून दोन्ही हातांनी काठी धरायची आणि डाव्यानं उजव्याला वर ढकलायचं. उंच दोरीवर ओल्या साड्या टाकून झिजलेला खांदा त्याच काठीनं वर चढवायचा होता.

आणि भिंत. भिंतीसमोर उभं राहून पहिली दोन बोटं मुंगीसारखी चालवत वर न्यायची. आमच्या माजघरात मोकळी भिंत एकच, आणि तिच्यावर पुराची रेघ आहे. सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना 'बरं आहे का' विचारत नाहीत, 'किती फूट?' विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि आमच्या माजघरात माझ्या डोक्याच्याही चार बोटं वर. डिस्टेंपरचे दोन हात दिले तरी ती रेघ तपकिरी होऊन वर येतेच. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या जिन्यात बसून मी पाण्याला म्हणत होते, थांब बाई. आता त्याच भिंतीवर माझी बोटं चढवत होते आणि ती खांद्याच्या वर जायला तयार नव्हती.

गल्लीत बातमी पसरली. शेजारचा मुलगा येताजाता ओरडायचा, "काकी, किती डिग्री?" नव्वद, मी सांगायची. "मग इशारा पातळीबी लांबच हाय!"

त्यात मी चोरी करायची. खांदा कानाला चिकटवून, कंबर वाकडी करून बोटं वर न्यायची आणि खूश व्हायची. पोरीनं आरसा समोर ठेवला. हात पूर्ण वर जातो त्या १८० अंशांत साधारण १२० खांद्याच्या सांध्याचे आणि ६० पाठीमागच्या पात्याचे, ज्याला आम्ही फरा म्हणतो त्याचे. दोघांनी तालात चालायचं. माझा सांधा बसून राहायचा आणि फराच एकटा धावायचा. "सगळं काम एकानंच ओढलं की असं होतं, काकू," ती आरशात बघत म्हणाली. ती फऱ्याबद्दल बोलत होती. मी घरी जाऊन त्या दिवशी भांडी घासायला सुनेला सांगितलं, आणि नंतर तासभर ओट्याशी घुटमळत राहिले.

नवव्या आठवड्यात फडताळातून घरंगळणारा तुपाचा डबा झेलायला हात आपोआप गेला. डबा वाचला, खांद्यात कट्कन झालं, आणि मी तिथंच जमिनीवर बसले. दोन दिवस कुणाशी बोलले नाही. सोनोग्राफीत टाके शाबूत निघाले. एवढंच.

सेंटरवर तोपर्यंत आमचा गोतावळा झाला होता. तासगावकडच्या एक मामी होत्या. द्राक्षबागेत मांडवाखाली दिवसदिवस हात वर करून विरळणी करून खांदे गेलेले, आणि ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलेली. त्या व्यायामापेक्षा घरी फोन जास्त करायच्या. आणि कुंडलकडचा एक पैलवान. खांदा तीनदा निखळला, शेवटी त्या चमच्याची कड शिवून घेतलेली. रबरी पट्ट्यांत पिवळा सगळ्यांत हलका, मग लाल, हिरवा, निळा. पैलवानालाही पिवळा आणि मलाही पिवळा. दाराच्या कडीला बांधून, कोपर कुशीला चिकटवून, हात बाहेर ओढायचा. दहा वेळा. सातव्याला त्याच्या कपाळावर घाम यायचा आणि तो चोरून माझ्याकडं बघायचा, माझं कितवं चाललंय म्हणून.

त्यालाही पहिले दिवस हात देता येत नव्हता. "काकू," तो एकदा बर्फाची पिशवी खांद्यावर धरून म्हणाला, "आखाड्यात खांदं टेकलं की कुस्ती गेली. आठ वर्षांचा असल्यापासनं वस्तादांनी एकच सांगितलं, सोडू नगं. आणि ह्या म्हणत्यात, सोडा." मग जरा वेळानं, "तुमाला कुणी सांगितलं हुतं?"

मला उत्तर सुचलं नाही. मला वस्ताद नव्हता. कुणी तोंडानं सांगितलंही नव्हतं.

वसुबारसेच्या संध्याकाळी माझी बोटं रेघेला लागली. त्या रेघेवर अजून बारीक लोणा धरतो. टोकाला ती खरखर लागली तेव्हा आधी वाटलं पाल आहे, हात खाली घेतला, मग पुन्हा नेला. ह्यांना हाक मारणार होते, पण ते दाराशी पणत्या मांडत होते आणि मला अजून थोडा वेळ तिथंच उभं राहायचं होतं.

या ऑगस्टला वर्ष झालं. बोलावणं नव्हतं, मीच गेले. पोरीला म्हटलं, माझं कार्ड भर. कसलं कार्ड, ती म्हणाली. मी पिशवीतून पुठ्ठ्याचा चौकोन काढला, घरी आखून नेला होता. तिनं सांध्याचे अंश मोजायचा गोनिओमीटर आणला, मला उताणं झोपवलं. हात पुढून वर: १५८. बाजूनं: १५०. बाहेर फिरवणं: ५५, डाव्यापेक्षा वीसनं कमी. पिठाचा डबा खालून वर: दोन्ही हातांनी, हो. वेणी: हो, सैल. उजव्या कुशीवर झोप: तासभर. दोरीवर साडी: काठीशिवाय नाही. पाठीमागचं हूक: बोटभर कमी पडतं, हे लावतात. तिनं एकेक लिहून घेतलं, तारीख घातली, आणि मी खाली डाव्या कोपऱ्यात माझी सही केली. डाव्या हातानं. बरं असतं ते अक्षर आता.

"उजव्यानं का नाही केली?" तिनं विचारलं.

मी बघितलं तर उजवा हात तिच्याकडं होता. मनगट आणि कोपर धरून ती कधीची उभी होती.

"इचलकरंजी?" ती म्हणाली.

"४१६११५."